देशोदेशींच्या प्राथमिक गणिताची तुलना कशी करावी

टिम्स या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीचे निकाल दर चार वर्षांनी लागतात. गुणतक्ता सगळीकडे पसरतो, त्याखालच्या बारीक टिपा मात्र अहवालातच राहतात. तुलना फसते ती बहुतेक वेळा या टिपा न वाचल्यामुळे. कोणता देश कितवा आला एवढेच हवे असेल तर तक्ता पुरेसा आहे. पण एका देशातली मुले दुसऱ्या देशातल्या मुलांपेक्षा गणितात खरोखर पुढे आहेत का, असतील तर किती, हे ठरवायचे असेल तर पहिला प्रश्न एकच: चाचणीला बसले कोण? त्याचे उत्तर हाती येईपर्यंत गुणांकडे वळू नये.

आधी चाचणी निवडा

प्राथमिक गणितासाठी सर्वांत मोठा आणि सलग स्रोत म्हणजे टिम्स. आयईए ही आंतरराष्ट्रीय संस्था ही चाचणी १९९५ पासून घेते. चौथी आणि आठवी अशा दोन इयत्ता तपासल्या जातात. १९९९ च्या फेरीत फक्त आठवी होती, त्यामुळे चौथीच्या आकड्यांची मालिका १९९५, २००३, २००७, २०११, २०१५, २०१९ आणि २०२३ अशी जाते. पिसा ही चाचणी १५ वर्षांच्या मुलांची आहे. तिचे आकडे प्राथमिक शाळेच्या चर्चेत आणू नयेत, मग देशांची नावे तीच का असेनात.

टिम्समध्ये नसलेल्या देशांसाठी प्रादेशिक चाचण्या आहेत. लॅटिन अमेरिकेत एर्से (तिसरी आणि सहावी), फ्रेंच भाषक आफ्रिकेत पासेक (दुसरी आणि सहावी), दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेत साकमेक (सहावी), आग्नेय आशियात सी-पीएलएम (पाचवी). सी-पीएलएमच्या २०१९ च्या फेरीत कंबोडिया, लाओस, मलेशिया, म्यानमार, फिलिपिन्स आणि व्हिएतनाम होते. प्रत्येक चाचणीची गुणश्रेणी स्वतंत्र आहे. एका चाचणीतले ५०० आणि दुसरीतले ५०० यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, हे कितीही उघड वाटले तरी एकाच आलेखात हे दोन आकडे शेजारी मांडलेले वारंवार दिसतात. दोन श्रेणी जोडायच्या तर तीच मुले दोन्ही चाचण्यांना बसलेली हवीत, किंवा दोन्हींत काही प्रश्न सामायिक हवेत. असा जोड-अभ्यास झालेला नसेल तर तुलना करू नका.

चाचणी मुलांच्या पातळीला साजेशी आहे का, हेही इथेच पाहून घ्यावे. फिलिपिन्सची २०१९ ची टिम्स सरासरी २९७ होती आणि फक्त १९ टक्के मुले सर्वांत खालच्या, ४०० गुणांच्या टप्प्यापर्यंत पोहोचली होती. बहुसंख्य मुलांना बहुतेक प्रश्न सुटलेच नाहीत, तर चाचणी त्यांना काय येत नाही ते सांगते, काय येते ते सांगत नाही. म्हणूनच अहवालात अशा देशांपुढे खूण असते. ज्यांची कामगिरी मोजता न येण्याइतकी खाली आहे अशी मुले १५ ते २५ टक्के असतील तर एक खूण, २५ टक्क्यांच्या वर असतील तर दुसरी. दुसरी खूण असलेल्या देशाची सरासरी आकडेमोडीत धरू नका.

चाचणीला बसले कोण

‘चौथी’ हा शब्द सगळीकडे सारखा नाही. टिम्सचा नियम असा: प्राथमिक शिक्षणाच्या पहिल्या वर्षापासून मोजून चौथे वर्ष, मात्र चाचणीच्या वेळी मुलांचे सरासरी वय किमान साडेनऊ हवे. इंग्लंड आणि न्यूझीलंडमध्ये मुले लवकर शाळेत जातात, म्हणून तिथे शाळेच्या पाचव्या वर्षातली मुले बसतात. उलट बाजूला इटलीतल्या चौथीचे सरासरी वय ९.७ च्या आसपास, तर फिनलंडमधल्या चौथीचे १०.८ च्या आसपास. त्या वयात एक वर्षाचे अंतर फार मोठे असते.

किती मोठे, याचा चांगला अंदाज नॉर्वेवरून येतो. २०१५ मध्ये नॉर्वेने चौथी आणि पाचवी अशा दोन्ही इयत्ता बसवल्या. चौथीची सरासरी ४९३ आली, पाचवीची ५४९. देश तोच, वर्ष तेच, आणि एका इयत्तेचा फरक ५६ गुणांचा. तक्त्यात देशाच्या नावापुढे कंसात ५ असेल तर तिथे पाचवी बसली आहे असे समजावे. २०१९ मध्ये नॉर्वे, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान यांच्यापुढे हा आकडा होता. तुर्कस्तान २०१५ मध्ये ४८३ वर होता आणि २०१९ मध्ये ५२३ वर गेला. ही ४० गुणांची झेप वाचताना मधल्या काळात इयत्ता बदलली हे ध्यानात नसेल तर तुम्ही एका धोरणाला फुकटचे श्रेय देऊन बसाल.

वयाचा फरक दिसला की तो गुणांतून वजा करण्याचा मोह होतो. तो टाळा. ज्या देशांत नापास मुलांना त्याच इयत्तेत ठेवतात तिथे वर्गातली मोठी मुले बहुधा मागे पडलेली असतात. तिथे वाढत्या वयाबरोबर गुण कमी होताना दिसतात, म्हणजे तुमची वजाबाकी उलट्या दिशेने जाईल. त्यापेक्षा वयाचा रकाना गुणांच्या शेजारी ठेवा आणि सरासरी वयात अर्ध्या वर्षाहून जास्त अंतर असलेल्या देशांच्या जोड्यांवर मोठे निष्कर्ष काढू नका.

यानंतर वगळलेली मुले. दुर्गम शाळा, विशेष शाळा, चाचणीची भाषा न येणारी मुले यांना वगळण्याची मुभा असते, पण एकूण वगळणूक ५ टक्क्यांच्या आत राहावी अशी अपेक्षा आहे. ती ओलांडली की देशाच्या नावापुढे टीप येते. वगळलेली मुले सहसा खालच्या गुणांची असल्यामुळे जास्त वगळणाऱ्या देशाची सरासरी फुगते. उपस्थितीचेही निकष आहेत: शाळा ८५ टक्के आणि विद्यार्थी ८५ टक्के, किंवा दोन्ही मिळून ७५ टक्के. हे निकष पर्यायी शाळा (नकार दिलेल्या शाळांऐवजी घेतलेल्या) धरल्यावरच पूर्ण झाले असतील तर त्याची टीप वेगळी असते.

आणि शाळेतच न जाणारी मुले? ती टिम्सच्या नमुन्यात येतच नाहीत. जिथे सगळी मुले शाळेत आहेत तिथे याने फरक पडत नाही. जिथे नाहीत तिथे एक साधा हिशेब करावा. समजा शाळेतल्या मुलांपैकी ६० टक्के एखादा टप्पा गाठतात आणि त्या वयाची ८० टक्के मुले शाळेत आहेत. शाळेबाहेरच्या मुलांपैकी कोणीच तो टप्पा गाठत नाही असे धरले तर त्या वयाच्या सगळ्या मुलांमध्ये प्रमाण ०.६० × ०.८० म्हणजे ४८ टक्के होते. ही खालची मर्यादा, ६० टक्क्यांच्या शेजारी लिहावी. भारतातले असर किंवा पूर्व आफ्रिकेतले उवेझो ही सर्वेक्षणे घरी जाऊन मुलांना तपासतात, म्हणून शाळेबाहेरची मुलेही त्यांच्यात येतात. पण त्यांची पातळी पायाभूत आकडेमोडीची आहे. टिम्सच्या गुणांशी त्यांची सांगड घालू नये.

शेवटी, ‘देश’ म्हणजे नेहमी देशच असतो असे नाही. हाँगकाँग, बेल्जियमचा फ्लेमिश भाग, इंग्लंड, उत्तर आयर्लंड हे स्वतंत्रपणे भाग घेतात. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न किंवा शिक्षणखर्च यांचे आकडे जोडताना संपूर्ण ब्रिटनचा खर्च एकट्या इंग्लंडच्या गुणांपुढे लावला जातो. ही चूक नेहमीची आहे.

गुणांचा अर्थ

टिम्सच्या श्रेणीचा मध्य ५०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुणांच्या पसाऱ्याचे माप, १०० आहे. हे दोन्ही १९९५ मध्ये भाग घेणाऱ्या देशांवरून ठरले आणि पुढे तसेच ठेवले. तेव्हा ५०० ही यंदाच्या देशांची सरासरी नव्हे. एखादा देश ‘जागतिक सरासरीच्या वर’ असे ५०० कडे बघून लिहिणे चूक आहे. आणि भाग घेणारे देश दर फेरीला बदलत असल्यामुळे क्रमांकाचा तर काहीच भरवसा नाही: दहा चांगले देश नव्याने आले तर जागच्या जागी असलेला देश दहा पायऱ्या खाली जातो.

सरासरीपेक्षा टप्पे जास्त बोलके असतात. ४०० गुणांवर मुलाला एक-दोन अंकी संख्यांची बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार जमतो आणि साधा स्तंभालेख वाचता येतो. ४७५ वर हेच ज्ञान सोप्या प्रसंगांत वापरता येते. ५५० हा वरचा टप्पा. ६२५ वर अनेक पायऱ्यांची शाब्दिक उदाहरणे सुटतात आणि आपण काय केले ते मूल समजावून सांगू शकते. २०१९ मध्ये सिंगापूरची सरासरी ६२५ होती आणि ५४ टक्के मुले ६२५ च्या टप्प्यावर किंवा वर होती. अमेरिकेची सरासरी ५३५, त्या टप्प्यावर १४ टक्के. सर्व देशांची मध्यगा, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ७ टक्के. पण ४०० चा टप्पा अमेरिकेत ९३ टक्के मुलांनी गाठला होता आणि त्या टप्प्यावरची मध्यगा ९२ होती. म्हणजे तळाशी अमेरिका मधल्या देशांसारखीच, वेगळेपण वरच्या टोकाला. ५३५ हा एकटा आकडा यातले काही सांगत नाही.

टक्केवारी वाचताना एवढे ध्यानात ठेवा की ती एकत्रित असते. ४०० गाठणाऱ्यांत ६२५ गाठणारेही मोजलेले असतात. चार टप्प्यांची बेरीज करू नका. दोन टप्प्यांमधली मुले हवी असतील तर वजाबाकी करा.

सरासरीबरोबर पसाराही घ्या. देशांतर्गत प्रमाण विचलन ८० असेल तर पाचव्या आणि पंचाण्णवाव्या शतमकात (ज्यांच्या खाली अनुक्रमे ५ आणि ९५ टक्के मुले असतात त्या गुणांत) सुमारे २६० गुणांचे अंतर पडते. दोन शेजारी देशांच्या सरासरीत २० गुणांचा फरक असेल, तर तो या मापाने पाव प्रमाण विचलन झाला. देशादेशांतल्या दरीपेक्षा एकाच देशातली दरी कितीतरी खोल असते, आणि माझ्या मते अहवालात पहिल्या पानावर जागा मिळायला हवी ती या दरीला.

फरक खरा आहे का

प्रत्येक देशात साधारण १५० शाळा आणि ४,००० मुले नमुन्यात असतात. आधी शाळा निवडतात, मग त्या शाळेतला एक किंवा दोन पूर्ण वर्ग. एकाच वर्गातली मुले एकमेकांसारखी असतात, त्यामुळे ४,००० मुलांतून मिळणारी माहिती ४,००० सुट्या मुलांइतकी नसते. नेहमीचे सूत्र वापरले तर ८० भागिले ४,००० चे वर्गमूळ, म्हणजे प्रमाण त्रुटी (नमुन्यामुळे सरासरीत राहणारी अनिश्चितता) १.३ निघते. प्रत्यक्षात ती बहुधा २ ते ४ असते. अहवालात सरासरीपुढे कंसात छापलेली त्रुटी घ्यावी, स्वतःची काढू नये.

दोन देशांची तुलना अशी करावी. समजा एकाची सरासरी ५३२, त्रुटी ३.०, दुसऱ्याची ५२५, त्रुटी २.५. फरक ७. फरकाची त्रुटी म्हणजे (९ + ६.२५) चे वर्गमूळ, ३.९. सात भागिले ३.९ म्हणजे १.८. हा आकडा १.९६ च्या, म्हणजे ९५ टक्के खात्रीसाठी लागणाऱ्या मर्यादेच्या, खाली आहे, म्हणून ‘पहिला देश पुढे’ असे म्हणता येत नाही. हाच ७ गुणांचा फरक दोन्ही त्रुटी २.० असताना असता तर भागाकार २.५ आला असता आणि विधान करता आले असते. त्यामुळे ‘किमान इतक्या गुणांचा फरक हवा’ असा सरसकट आकडा कोणी मागितला तर देऊ नये.

एकाच देशातल्या मुलगे-मुलींची तुलना करताना हे सूत्र चालत नाही. ते त्याच शाळांत, त्याच वर्गांत बसतात, त्यामुळे दोन्ही गटांच्या चुका एकमेकांशी बांधलेल्या असतात. तिथे फरकाचीच त्रुटी पुनर्नमुन्यांतून (नमुन्याचे भारांक बदलून तोच हिशेब पुन्हा पुन्हा करून) काढावी लागते. आणि ५० देशांच्या सगळ्या जोड्या तपासत बसलात तर दर १०० तुलनांमागे पाचेक निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ दिसतील. जोड्या आधी ठरवा, मग तपासा.

मूळ डेटावर काम करायचे असेल तर

टिम्सचा सगळा डेटा विनामूल्य उतरवता येतो. आयईएचे आयडीबी अ‍ॅनालायझर हे साधन एसपीएसएस किंवा सॅस या सांख्यिकी प्रणालींसाठी आज्ञावली तयार करून देते. आर ही संगणकभाषा वापरणाऱ्यांसाठी एडसर्व्हे आणि राल्सा ही पॅकेजेस आहेत. साधन कोणतेही असो, तीन गोष्टी चुकवू नयेत.

पहिली, भारांक, म्हणजे नमुन्यातले एक मूल किती मुलांच्या वतीने मोजायचे तो आकडा. नमुन्यातले प्रत्येक मूल सारख्या संख्येच्या मुलांचे प्रतिनिधी नसते. एका देशापुरते काम असेल तर एकूण भारांक घ्या. अनेक देश एकत्र करून गणित मांडायचे असेल तर तोच भारांक मोठ्या देशांना सगळा निकाल गिळू देतो. तिथे ‘सिनेट’ भारांक घ्यावा, ज्याची बेरीज प्रत्येक देशासाठी ५०० होते.

दुसरी, संभाव्य मूल्ये. चौथीचे मूल ३६ मिनिटांचे दोन भाग, एकूण ७२ मिनिटे, सोडवते आणि त्यात गणित-विज्ञान दोन्ही असते. सगळे प्रश्न १४ पुस्तिकांत वाटलेले असल्यामुळे कोणत्याही एका मुलाला त्यातला थोडासाच भाग मिळतो. म्हणून डेटात प्रत्येक मुलाला एक गुण नसतो, पाच संभाव्य मूल्ये, म्हणजे त्याच्या गुणाचे पाच अंदाज, असतात. या पाचांची मुलागणिक सरासरी काढून पुढे जाणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. तसे केले की पसारा आकसतो, टोकाच्या टप्प्यांवरच्या टक्केवाऱ्या बिघडतात आणि त्रुटी कृत्रिमपणे लहान दिसते. बरोबर रीत: संपूर्ण विश्लेषण पाच वेळा, प्रत्येक मूल्यासाठी स्वतंत्र करा आणि शेवटी निकालांची सरासरी घ्या. उदाहरणार्थ पाच सरासऱ्या ५२१.२, ५२२.०, ५२०.६, ५२१.८ आणि ५२१.४ आल्या. उत्तर ५२१.४. त्यांच्यातले प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) ०.३०, गुणिले १.२ (१ + १/५) म्हणजे ०.३६. नमुन्याचे प्रचरण ६.२५ असेल तर एकूण ६.६१, आणि प्रमाण त्रुटी २.५७.

तिसरी, ते ६.२५ कुठून येते. टिम्समध्ये शाळांच्या जोड्या लावून ७५ क्षेत्रे पाडलेली असतात. जॅकनाइफ पद्धतीत एका वेळी एका क्षेत्रातल्या एका शाळेचा भारांक शून्य करतात आणि जोडीदाराचा दुप्पट, मग सरासरी पुन्हा काढतात. वर सांगितलेली साधने क्षेत्राचा आणि प्रतिकृतीचा (जोडीतली कोणती शाळा ते सांगणारा) असे दोन्ही चल घेऊन हे स्वतः करतात. नेहमीच्या सांख्यिकी प्रणालीला ते दिले नाहीत तर ती निमूटपणे साधी त्रुटी काढून मोकळी होते.

नवे काही करण्यापूर्वी अहवालातला एखादा छापील आकडा स्वतः काढून पाहा. सरासरी पूर्णांकात आणि त्रुटी एका दशांशापर्यंत जुळली पाहिजे. सरासरी जुळली नाही तर भारांक तपासा. सरासरी जुळून त्रुटी खूपच लहान आली तर क्षेत्रे द्यायची राहिली आहेत.

कालानुरूप बदल

एका देशाचा बदल पाहताना इयत्ता, चाचणीची भाषा, प्रदेश आणि वगळणूक दोन्ही फेऱ्यांत सारखी होती का ते आधी पाहा. २०१९ पासून जवळपास निम्मे देश संगणकावर चाचणी देऊ लागले. कागदावरून पडद्यावर जाताना गुण हलतात, म्हणून त्या वेळी कागदावरचा वेगळा जोडनमुना (तीच चाचणी कागदावर देणाऱ्या मुलांचा गट) घेऊन श्रेणी जुळवली गेली. इथे सिंगापूरचे ६२५ वरून ६१५ आणि अमेरिकेचे ५३५ वरून ५१७ हे २०१९ ते २०२३ मधले बदल शेजारी ठेवून बघा. दोन्ही घसरणी, पण एक १० गुणांची आणि दुसरी १८ ची. अशा वेळी शतमकेही काढावीत, कारण घसरण तळाच्या मुलांची आहे की सगळ्यांची, हे सरासरीतून कळत नाही.

कारणांकडे जाताना

टिम्ससोबत विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्या प्रश्नावल्या असतात. त्यातून कारणे शोधताना पायरी चुकू देऊ नका. एकाच देशात पाहिले तर गणितात आत्मविश्वास असलेली मुले जास्त गुण मिळवतात. देशांच्या सरासऱ्या घेतल्या तर चित्र उलटते: जपान, कोरिया, तैवान इथली मुले गुणांत अग्रभागी आणि स्वतःवरच्या विश्वासात मागे. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. देशांच्या सरासऱ्यांमधला संबंध मुलांवर लादला की निष्कर्ष चुकतो, आणि प्रश्नावलीतल्या ‘पूर्ण सहमत’ या पर्यायाचे वजनही प्रत्येक भाषेत सारखे नसते.

अभ्यासक्रमाचा मुद्दा हमखास निघतो: ‘आमच्याकडे दशांश अपूर्णांक उशिरा शिकवतात.’ त्यासाठी विषयविभागांचे गुण पाहा. २०१९ च्या चौथीच्या चाचणीत संख्याज्ञान ५० टक्के, मापन आणि भूमिती ३० टक्के, माहितीचे व्यवस्थापन २० टक्के होते. एखाद्या विभागात देश स्वतःच्याच एकूण गुणांच्या बराच खाली असेल तर या आक्षेपात तथ्य आहे. तिन्ही विभागांत सारखाच खाली असेल तर अभ्यासक्रमाचा क्रम हे कारण पुरत नाही.

शिक्षकांविषयीचे वाक्य लिहिताना शब्दांची विशेष काळजी घ्या. नमुना मुलांचा आहे, शिक्षकांचा नाही. ‘३० टक्के शिक्षकांना गणिताचे विशेष प्रशिक्षण आहे’ असे या डेटावरून लिहिता येत नाही. ‘३० टक्के मुलांना असे प्रशिक्षण असलेले शिक्षक शिकवतात’ असे लिहावे, आणि त्या गणितासाठी विद्यार्थ्याचा एकूण भारांक न घेता गणित-शिक्षकाचा स्वतंत्र भारांक घ्यावा.